डब्यातली ४० नाणी, सरासरी १९१९ आणि फसवा पट्टा

कायथा या प्राचीन वस्तीच्या खापरांना हात लावायच्या आधी सरासरी तारखेचं गणित, म्हणजे वस्तूंच्या प्रकारांवरून ढिगाचा काळ काढायचं, अशा एखाद्या ढिगावर करून बघायचं होतं ज्याचं उत्तर घरातच माहीत आहे, ते या रविवारी झालं एकदाचं. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आजीचा पितळी डबा आहे, त्यात बरोब्बर ४० नाणी. आत्याच्या सांगण्याप्रमाणे नवे पैसे आले, म्हणजे १९५७ साली, तेव्हा आजीने डबा कोठीत ठेवला तो ठेवलाच, नंतर त्यात काही पडलं नाही.

नाण्यावर साल असतं हे खरं, पण खापरावर नसतं ना, म्हणून मी सालं मुद्दाम बघितली नाहीत आणि प्रत्येक नाणं फक्त प्रकार म्हणून मोजलं. होळकरांची नंदीवाली ६ (शिवाजीराव, १८८६ ते १९०३), व्हिक्टोरिया एम्प्रेस ४ (१८७७–१९०१), एडवर्ड ५ (१९०३–१९१०), पाचवा जॉर्ज १४ (१९११–१९३६) आणि भोकाचा पैसा ११ (१९४३–१९४७). नंदीचं एक तर इतकं झिजलंय की डोळ्यांना काही दिसत नाही, अंगठा फिरवला की वशिंड तेवढं लागतं.

सूत्र स्टॅनली साउथ यांचं, १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या १८व्या शतकातल्या ब्रिटिश वस्त्यांच्या चिनीमातीसाठी केलेलं. प्रकाराचं मधलं साल गुणिले नग, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण नग. कैरोस नावाच्या पॅकेजमध्ये हे तयार मिळतं पण पहिल्यांदा मी आर (R) या आकडेवारीच्या संगणकभाषेत स्वतःच लिहून काढलं, कारण कुठला आकडा कुठून येतोय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. उत्तर आलं १९१९.५.

मग बूटस्ट्रॅप केलं, म्हणजे ४० नाण्यांतून परत परत ४० उचलायची, १००० वेळा, आणि दर वेळी सरासरी काढायची. ९५ टक्क्यांचा पट्टा आला साधारण १९१३ ते १९२६. ग्राफवर इतका छान अरुंद दिसत होता की मी पाच मिनिटं खूश होते, आणि मग ११ भोकाच्या पैशांकडे लक्ष गेलं. अहो, १९४३ च्या आधी हा डबा बंद होणं शक्यच नाही, आणि आपला पट्टा १९२६ ला संपतोय!

गणित चुकलेलं नाही, दोनदा तपासलं. बूटस्ट्रॅप फक्त एवढंच सांगतो की वेगळी ४० हाताला लागली असती तर सरासरी किती हलली असती. डबा बंद कधी झाला हा प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नाही. साउथ यांची तारीखसुद्धा वस्तीच्या मधल्या काळाची असते, शेवटाची नाही, आणि शेवटासाठी सगळ्यात उशिराचा प्रकारच बघावा लागतो, तो एकच नग असला तरी.

म्हणून ग्राफ बदलला. आता प्रत्येक नाण्याचं वजन त्याच्या सगळ्या वर्षांवर सारखं वाटलंय, त्याला एओरिस्टिक म्हणतात. १९११ ते १९३६ वर्षाला अर्ध्या नाण्याच्या आसपास सपाट रेघ, १९३७ ते ४२ शून्य, आणि १९४३ ला एकदम २.२ चा सुळका. आत्या मागून बघत होती, म्हणाली, "अगं, हे उंच काय आहे, भोकाचे पैसे ना? आम्ही पोरी दोऱ्यात ओवायचो ते." सरासरीची लाल रेघ सपाट भागाच्या मधोमध उभी आहे आणि एकट्या त्या रेघेवरून हा सुळका कुणाला कधीच कळला नसता. यापुढे माझ्या ग्राफवर सरासरी एकटी जाणार नाही, खाली हे वाटप आणि उशिराच्या प्रकाराची रेघ दोन्ही असणार.

आता कायथा. उज्जैनजवळची जागा, वाकणकरांनी खणलेली, खाली कायथा, वर आहाड, त्यावर माळवा असे संस्कृतींचे थर. तिथे प्रकारांच्या मुदती शेकडो वर्षांच्या आणि त्याही रेडिओकार्बनवरून आलेल्या, त्यामुळे मधलं साल धरण्याआधीच काम आहे. जुन्या टीएफ नंबरच्या (टाटा इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेच्या) तारखा कुठे ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्याने (रेडिओकार्बन निम्मा व्हायला लागणारा काळ) दिल्यात, कुठे ५७३० च्या, आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे ते वय कॅलेंडरच्या सालात बदलायला, ५५६८ वालीच लागते. ५७३० ने काढलेलं ३५०० वर्षांचं वय म्हणजे १.०२९ ने भागून ३४०० च्या आसपास, सरळ शंभर वर्षांचा फरक. शीटमध्ये अर्धायुष्याचा वेगळा कॉलम केलाय, सध्या तोच भरतेय.