इंदुरी मराठीचं टॅगिंग: शब्दाच्या पोटातली हिंदी

माझी आत्या इंदुरी मराठी, म्हणजे हिंदी मिसळलेली इंदूरकडची मराठी बोलते, म्हणून तिच्या गप्पा रेकॉर्ड करून कुठला शब्द कुठल्या भाषेतला याची खूण, म्हणजे टॅग, लावतेय. तिसरं रेकॉर्डिंग आज संपवलं, एकूण ३४० वाक्यं टॅग झाली. ऐकून टाईप करायला लेबल स्टुडिओ वापरला, तो छानच आहे, पण भाषेचे टॅग लावायला इन्सेप्शन या टूलवर आले. जर्मनीत डार्मस्टाटच्या विद्यापीठात बनलेलं, वेबअ‍ॅनो या जुन्या टॅगिंग टूलच्या पुढचं, फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर जावाने सुरू करून ब्राउझरमध्ये उघडायचं, आत्याचं बोलणं घराबाहेर जात नाही हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं.

आधी एका शब्दाला एकच टॅग, मराठी नाहीतर हिंदी, असं चाललं होतं आणि तिथेच अडकले. आत्या म्हणते, "अगं, गिलासात चहा ओतून राहिले, तू सब्जीमंडीतून आलीस की देते." आता सब्जीमंडीतून कुठल्या भाषेतला? सब्जीमंडी हिंदी, तून आपलं. लिपी दोन्हीकडे एकच, त्यामुळे लिपी बघून भाषा ओळखणारा प्रोग्रामही इथे कामाचा नाही. मग इन्सेप्शनमध्ये लेयरच्या (टॅगच्या थराच्या) सेटिंगमध्ये टोकन, म्हणजे अख्ख्या शब्दाला टॅग, काढून कॅरेक्टर लेव्हल, म्हणजे शब्दाच्या तुकड्यालाही टॅग, असं केलं, आता सब्जीमंडी आणि तून वेगवेगळे रंगतात, एक्सपोर्टच्या टीएसव्हीतही (टॅबने रकाने पाडलेल्या फाइलमध्ये) शब्दाचे तुकडे १-३.१, म्हणजे पहिल्या वाक्यातल्या तिसऱ्या शब्दाचा पहिला तुकडा, असे येतात.

पण गिलासात मात्र छळतो. मराठी भाग खरा 'ात' पासून सुरू होतो आणि माऊसने ओढलं की 'सा' अख्खा उचलला जातो, काना एकटा सुटत नाही. शेवटी ठरवलं, अक्षर फोडायचं नाही, गिलासा हिंदी, त मराठी. व्याकरणवाले नाक मुरडतील, पण नियम सगळीकडे सारखा पाळता येतो.

"ओतून राहिले" ला हिंदीचा टॅग नाही दिला. शब्द दोन्ही मराठी, आणि वऱ्हाडातही असंच बोलतात, म्हणून त्याला 'रचना' असा वेगळाच टॅग केलाय.

एक चूक झाली ती सांगते. ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एकच कॅरेक्टर किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन. टॅगिंग झाल्यावर मी टेक्स्ट एनएफसी केलं, म्हणजे युनिकोडच्या नियमाने अशी सुटी कॅरेक्टर जोडून एक केली, टॅगची जागा तर कॅरेक्टर मोजून ठरते, दोन कॅरेक्टरच्या प्रत्येक ऱ मागे एक कॅरेक्टर कमी झालं आणि "वाऱ्यावर" नंतरचे सगळे टॅग सरकले, अख्खा रविवार दुरुस्तीत गेला. एनएफसी आधी करा, मगच इम्पोर्ट करा.

आता यातली ५० वाक्यं मावसबहीण माझे टॅग न बघता लावतेय, मग कप्पा, म्हणजे दोघींचे टॅग योगायोग वगळून किती जुळतात याचं माप, काढू.