टिंबाच्या उजवीकडे

१.२० म्हणजे जमीन किती? कोल्हापुरात हा प्रश्न टाकून बघा. तीन उत्तरं येतील आणि तिन्ही बरोबर असतील. आपल्या सातबाऱ्यावर हा आकडा असेल तर तो एक हेक्टर वीस आर, म्हणजे तीन एकराला दीडेक गुंठा कमी. निपाणीकडच्या पाव्हण्यांच्या उताऱ्यावर असेल तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे सरळ दीड एकर. आणि एखाद्या एजंटने मोबाइलवर भागाकार मारून 'एक पॉइंट वीस एकर' असं पाठवलं असेल, तर एक एकर आणि वर फक्त आठ गुंठे. आकडा तोच, टिंबही तेच, पण सत्तर गुंठ्यांचा फरक. एवढ्यात आमच्याकडे दोन भावांचे संसार चालतात.

खोड सगळी एकराची आहे. हेक्टर बिचारा सरळ: शंभर चौरस मीटरचा आर, शंभर आरचा हेक्टर. तिथलं टिंब शाळेत शिकवलेलं टिंब. एकराला मात्र चाळीस गुंठे आणि गुंठ्याला सोळा आणे, त्यामुळे तिथलं टिंब म्हणजे नुसती मधली भिंत. क्रिकेटमध्ये १९.५ षटकं म्हटल्यावर साडेएकोणीस कोणी समजत नाही, पाच चेंडू पडलेत हे पोरासोरालाही कळतं. तीच पोरं जमिनीचा आकडा समोर आला की गडबडतात. हेक्टरला २.४७ ने गुणलं की 'दोन एकर सत्तेचाळीस गुंठे' म्हणून मोकळी. अरे, चाळिसालाच एकर भरला की! त्या .४७ ला पुन्हा चाळीसने गुणायचं, तेव्हा कुठे अठरा-एकोणीस गुंठे हाती लागतात.

तरी गुंठा मला आवडतो. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत मुंबई इलाख्यात तेहेतीस फुटांची साखळी वापरत, तिचेही सोळा आणे पाडलेले. एक साखळी औरसचौरस जागा म्हणजे गुंठा. त्याआधी शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. बिघा आता आमच्याकडे कोणाच्या तोंडी नाही. गुंठा टिकला, कारण तो पायाने मोजता येतो. लांब टांगांचा माणूस बांधावरून तेरा पावलं चालला की गुंठ्याची एक बाजू संपते. हेक्टर असा चालून दाखवा बघू! शासनाने २००१ साली कायदा केला तोही गुंठेवारीचा. नावाने कायदा व्हायचा मान काही आरला मिळाला नाही.

उसाचंही तेच. 'यंदा गुंठ्याला अडीच टन पडला' म्हटलं की ऐकणारा मनात चाळीसने गुणतो आणि एकरी शंभर टनवाल्याकडे जरा आदराने बघतो.

आमचे मामा निपाणीचे. १९५६ पर्यंत त्यांचं गाव आणि आमचं गाव एकाच मुंबई राज्यात होतं. मग सीमा आखली गेली, ते कर्नाटकात गेले आणि त्यांच्या उताऱ्यावर एकर-गुंठे राहिले. आमच्याकडे हेक्टर-आर आलं. एकदा त्यांनी आमचा उतारा चष्मा कपाळावर सारून, डोळ्यांजवळ धरून वाचला.

"हे काय रं? दाजींचं पाच एकर हुतं न्हवं? हितं दोनच दिसतंय."

"मामा, हेक्टर आहे ते. दोन हेक्टर दोन आर म्हणजेच पाच एकर."

"म्हंजे पाच एकराचा धनी कागदावर दोनचा झाला. आणि तुमी सया करून गप बसला!"

यावर काय बोलणार?

बरं, कागदावरचं गणित एक वेळ सुटेल, रान कुठे चौकोनी असतं? ओढ्याकडेला तिरकं, वाटेकडेला निमुळतं. गावची रीत अशी की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. रीत सोपी आहे, पण तिची एक गंमत सांगतो: चारही कोपरे काटकोनी असतील तरच ती बरोबर उत्तर देते, एरवी क्षेत्र जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. विकणारे या रीतीवर फार खूश असतात. घेणाऱ्याने सरकारी मोजणीचे पैसे भरलेले बरे.

आणि 'आर म्हणजेच गुंठा की ओ' हे पालुपद तर चहाच्या गाड्यावर रोज ऐकू येतं. तसं फार चुकीचंही नाही. एका आरला जेमतेम साडेबारा चौरस फूट कमी, तेवढ्यात खाटसुद्धा पडायची नाही. पण हेक्टरभर जमिनीत हाच फरक साडेबाराशे चौरस फुटांच्या वर जातो. दर मात्र कायम गुंठ्याचाच बोलायचा. आरचा भाव विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

परवा एका वीस आरच्या सौद्यात बसलो होतो. वीस आर म्हणजे पावणेवीस गुंठे आणि वर किंचित. विकणारा वीसचे पैसे मागत होता, घेणारा फोनवर आकडेमोड करून पाव गुंठा कापायला निघालेला. रोडटच जमीन, पाव गुंठ्यालाही लाखाची भाषा. शेवटी विकणाऱ्याने पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाला, "बरं, पाव गुंठा सोडला. पर बांधावरचा आंबा त्यात धरायचा न्हाई."