पहाटे ४ चा डोळा

गेल्या उन्हाळ्यात भाचीला अंघोळ घालताना तिचं नख माझ्या उजव्या डोळ्याला लागलं. दोन दिवस पाणी आलं, थेंब घातले, बरं वाटलं. मी विसरूनही गेले. महिना-दीड महिन्यानं एका पहाटे कूस बदलताना डोळा उघडला आणि पापणीखाली ब्लेड ओढल्यासारखी कळ आली. उशी भिजून गेली. मग आठवड्यातून दोन-तीनदा तेच, कायम पहाटेच. झोपायचीच धास्ती बसली.

खरा राग आहे तो दवाखान्याचा. ओपीडी १० वाजता सुरू. केसपेपरची रांग, मग नंबर तपासायची खुर्ची, मग बाकड्यावर. आत जायला दीड वाजायचा. तोवर डोळा शांत, लालीही उतरलेली. डॉक्टर बॅटरी मारून म्हणायचे, "काही नाही ताई, कोरडेपणा आहे. मोबाईल कमी करा." असं तीनदा. तिन्ही वेळा टॉवेलच्या कारखान्यातला माझा खाडा, पगार कापला तो वेगळाच. तिसऱ्या वेळी तर "मनाला लावून घेऊ नका" असंही ऐकलं. दुखतं कधी आणि आधी काही लागलं होतं का, एवढे दोन प्रश्न कुणीही विचारले नाहीत. हे विचारलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

तिसऱ्या खेपेनंतर पुन्हा पहाटे दुखलं तेव्हा मी थांबलेच नाही. डोळ्यावर रुमाल धरून ह्यांच्या गाडीवर बसले आणि सात रस्ता चौकाकडच्या दुसऱ्या डॉक्टरांचं दार ८ वाजता वाजवलं. काउंटरवर स्पष्ट सांगितलं, "आत्ता दुखतंय, उतरायच्या आत बघा." त्यांनी पापणीच्या कडेला रंगाची केशरी पट्टी टेकवली, निळा दिवा लावला आणि मशीनमधून फोटो काढून दाखवला. बुबुळावर तिळाएवढा हिरवा डाग, जखमेनं रंग धरलेला! मला रडूच आलं. इतके दिवस मी खोटं बोलत नव्हते.

त्यांनी समजावलं ते असं. नखानं बुबुळावरची वरची साल निघाली, ती भरली, पण खाली घट्ट चिकटलीच नाही. रात्री डोळा कोरडा पडला की पापणी तिला चिकटते आणि डोळा उघडताना ती परत सोलून निघते. लहान जखम काही तासांत भरते, म्हणून दुपारी काही सापडत नाही. ह्याला कॉर्नियल इरोजन म्हणतात.

दिवसा थेंब, झोपताना मलम. दुखणं थांबलं तरी मलम महिनोन् महिने सोडायचं नाही. मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं आणि पुन्हा भोगलं. जाग आली की डोळा झटकन उघडू नका. पापण्या मिटलेल्याच ठेवून बुबुळं हळू फिरवा, कडेनं थेंब सोडा, मग उघडा. कूलरचा झोत तोंडावर नको. सोलापूरच्या मे महिन्यात हे अवघड आहे, पण मी पलंग सरकवलाच. एवढ्यानं नाही भागलं तर बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ लेन्स) किंवा लेसर असतं, माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि एक राहिलं. नजर अंधूक होत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, सोबत डोकं दुखून उलटी होत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्याला सकाळची वाटही पाहू नका.