उपग्रहाच्या चित्रांतून शहराची वाढ मोजताना: माझा अनुभव

शहराच्या पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्याचं काम सुरू झालं आणि उपग्रह प्रतिमांची बाजू माझ्याकडे आली. शहर कुठे, किती पसरलं आणि यापुढे कुठे पसरू द्यायचं, याचा नकाशा मला करायचा होता.

जुन्या काळासाठी लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रं घेतली. लँडसॅट-५ हा उपग्रह १९८४ साली सोडला, आणि २००८ पासून लँडसॅटचा साठा सर्वांना मोफत खुला आहे. अलीकडच्या वर्षांसाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची. लँडसॅटचा एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा, सेंटिनेलचा १० मीटरचा. ३० मीटरच्या चौकोनात चार घरं, रस्त्याचा तुकडा आणि दोन झाडं असली, तरी सगळ्यांना मिळून एकच रंग येतो. म्हणून जुन्या चित्रांत घरं मोजायला जाऊ नये, वस्तीचा पसारा तेवढा बघावा.

बांधकाम ओळखायची सोपी रीत म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या दोन पट्ट्यांची (बँडची) तुलना. लघुतरंग अवरक्त जास्त आणि निकट अवरक्त कमी, तिथे बहुधा बांधकाम. तसं करून बांधकाम लाल रंगात दाखवलं, तर पूर्वेकडे शहर अफाट वाढलेलं दिसलं. एक दिवस मी खूश होते. मग मोठं करून पाहिलं: लाल तुकड्यांच्या कडा सरळ, पण एकाकडेही रस्ता जात नव्हता. ती नांगरलेली शेतं होती! कोरडी उघडी माती या गणितात सिमेंटसारखीच दिसते. उपाय साधा निघाला. त्याच वर्षातलं, पिकं उभी असतानाचं चित्र शेजारी ठेवलं. एका चित्रात हिरवं आणि दुसऱ्यात उघडं ते शेत. दोन्हींत उघडं ते बांधकाम किंवा खडकाळ माळ. माळ मात्र हातानेच वगळावा लागला, त्यात आठवडा गेला.

मला खरं सांगायचंय ते ओढ्याबद्दल. २००० सालच्या फेब्रुवारीत अंतराळयानातून अकरा दिवस रडार फिरवून पृथ्वीच्या बऱ्याच भागाची उंची मोजली गेली होती. तो डेटा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन पाणी कुठून कुठे वाहील, हे काढता येतं. आमच्याकडे एक ठळक रेघ आली ती थेट नव्या निवासी भागासाठी ठरवलेल्या जागेतून! ताज्या चित्रात तिथे सपाट मोकळी जमीन. ऐंशीच्या दशकातल्या चित्रात मात्र त्याच रेघेवर हिरव्या पिक्सेलची बारीक, वाकडी माळ दिसत होती.

मी तिथे गेले. भराव टाकून जमीन एकसारखी केलेली. पण कडेच्या रस्त्याखाली एक मोरी होती, तिचं तोंड मातीने अर्धं बुजलेलं. पाणी जात नसेल, तर रस्त्याखाली मोरी कशाला बांधतील? शेजारच्या घरातल्या आजोबांना विचारलं, "काका, इथे ओढा होता का?" ते काही न बोलता मला भिंतीपाशी घेऊन गेले आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर तळहात टेकवला. "इथपर्यंत येतं पाणी. ओढा बुजवला, पाण्याला कोण सांगणार?"

बैठकीत पहिला आक्षेप अपेक्षित होता: "रेघ संगणकाने काढलीय, तिच्यावर जागा कशी सोडायची?" आक्षेपात तथ्यही होतं. त्या उंचीच्या डेटात काही मीटरची चूक असू शकते, आणि सपाट जमिनीवर तेवढ्याने रेघ बरीच सरकते. म्हणून मी नुसती रेघ दाखवली नाही. जुनं चित्र, मोरीचा फोटो आणि भिंतीवरच्या खुणेची मोजलेली उंची, सगळं एकाच नकाशावर ठेवलं आणि जमिनीवरच्या मोजणीची मागणी केली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मोजणी मंजूर झाली, आणि ती होईपर्यंत तो पट्टा आराखड्यात बांधकामाविना ठेवायचं ठरलं.

मोजणीत जुनं पात्र माझ्या रेघेपासून जवळजवळ चाळीस मीटर पश्चिमेला निघालं, बरोबर मोरीच्या तोंडासमोर. त्याच संध्याकाळी मी नकाशातली रेघ तिथे सरकवली आणि पट्टाही नव्याने आखला.