मापांच्या तक्त्यावर प्रबंध करताना

फॅशन डिझाइनच्या पदव्युत्तर प्रबंधात मी कलेक्शन करणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला मात्र वेगळंच खुणावत होतं. पहिल्या वर्षापासून ज्या मापांवर आम्ही पॅटर्न काढत आलो, ती मुळात घेतली कुणाची? प्रस्तावावर शेरा आला, ‘यात डिझाइन कुठे आहे?’ गाइडमॅडमनी पाठिंबा दिला, पण अट घातली की उत्तर वाचनातून जेवढं येईल तेवढंच शिवणातूनही यायला हवं.

वाचताना १९३९-४०चं अमेरिकन कृषी खात्याचं सर्वेक्षण हाती लागलं. सुमारे पंधरा हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतलेली. पण गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं अंतिम हिशेबातून वगळली गेली. १९४१मध्ये अहवाल निघाला आणि १९५८चं तिथलं प्रमाणित मापपत्रक याच आकड्यांवर बेतलं गेलं. हे वाचून मी सुन्न झाले. ग्रेडिंग, म्हणजे एका मापाच्या पॅटर्नवरून लहानमोठी मापं काढणं, आम्हाला निव्वळ गणितासारखं शिकवतात. हा इतिहास त्या वर्गात कधीच येत नाही.

मग प्रत्यक्ष काम. वर्गात वापरतो त्या मापांच्या तक्त्यानुसार, छाती भागिले चार अधिक ढील, असा ब्लॉक, म्हणजे कपड्याचा मूळ साचा, काढून मांजरपाटात शिवला आणि पाठीला बाक आलेल्या एका सहभागी बाईंना घालून पाहिला. मागची कड वर उचलली गेली, पुढे गळ्याशी कापड गोळा झालं, मुंढा काचू लागला. त्या ओशाळून म्हणाल्या, “माझंच अंग वाकडं.” हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं; प्रबंधाचा कणा तोच ठरला. नंतर मागचा भाग खवाट्यांच्या रेषेत आडवा कापून उघडला, मधे पट्टी घालून लांबी वाढवली, गळ्यात डार्ट, म्हणजे आकारासाठी शिवलेला चिमटा, घेतला. कड सरळ बसली.

त्या टॉइलवरच्या, म्हणजे मांजरपाटात शिवलेल्या चाचणी-नमुन्यावरच्या, टाचण्या, पेन्सिलच्या खुणा, उसवलेल्या शिवणी मी तशाच ठेवल्या, इस्त्रीसुद्धा केली नाही. संशोधनाचा पुरावा म्हणजे हेच, आणि पद्धतीच्या प्रकरणात त्यांचे फोटो मजकुराइतक्याच मानाने यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

व्हायवात तयार कपडे नव्हते. टॉइल आणि शेजारी तो तक्ता टांगला होता. ग्रेडिंगच्या तासाला हा इतिहास शिकवावा का, यावर परीक्षकांचंच आपसांत बराच वेळ चाललं. प्रबंध मान्य झाला, शीर्षक तेवढं आटोपशीर करायला सांगितलं.