शेवटी किती द्यावे लागतात?

इगतपुरीचं विपश्यनेचं, म्हणजे मौन पाळून ध्यान करायचं, दहा दिवसांचं शिबिर करून आले त्याला बरीच वर्षं झाली. तरी कुठे विपश्यनेचा विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला गाडी त्याच स्टेशनावर येते. "फुकट असतं म्हणतात, खरंय का हो? राहणं, जेवण, सगळं? मग शेवटी किती द्यावे लागतात?" लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारलंय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारलंय. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं, ग्रंथवाचन आटोपलं की चहा पिताना दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. माझा जन्म हिशेब खात्याच्या नोकरीत गेला, त्यामुळे नेमका आकडा मिळेल तर हिच्याकडेच, अशी लोकांची खात्री असते.

आकडा मी सांगत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून, तो आकडा ठरला कसा ते सांगते.

आधी व्यवहार. इगतपुरीच्या केंद्रात, धम्मगिरीत, १९७६ पासून शिबिरं चालतात. नाव नोंदवताना पैसे घेत नाहीत, मध्ये कोणी पेटी फिरवत नाही. ज्यानं निदान एक दहा दिवसांचं शिबिर पुरं केलंय, त्याचीच देणगी चालते. म्हणजे तुम्ही सहाव्या दिवशी कंटाळून घरी निघालात, तर द्यायचे म्हटलं तरी तुमचे पैसे घेणार नाहीत. आत जे जेवतो ते आधी बसून गेलेल्या कोणीतरी दिलेलं असतं, आणि आपण देऊ ते पुढे येणाऱ्याच्या ताटात जातं. स्वयंपाकघरात राबणारे धम्मसेवकही पगारी नसतात, तेही आधी कधीतरी बसून गेलेलेच. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि ही विपश्यना शिकवू लागले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपल्या खात्यातला माणूस!

दहाव्या दिवशी मौन सुटतं. नऊ दिवस दाबून ठेवलेल्या बायका एकदम बोलायला लागतात, त्या आवाजानंच डोकं दुखतं. त्याच दिवशी एका टेबलाशी देणगी घेतात. मी रांगेत उभी राहिले. पर्समध्ये पाचशेच्या चार नोटा होत्या, आणि माझी नजर पुढच्या बाईंच्या हाताकडे. त्यांनी चेकबुक काढलं. रक्कम दिसावी म्हणून मी चक्क मान वाकडी केली. तेवढ्यात डोक्यात बेरीज सुरू झाली होतीच: साध्या लॉजची खोली दिवसाला इतके, अकरा वाजताचं जेवण इतके, पाच वाजता चहाबरोबर मिळणारे कुरमुरे, त्यांचे फार नाहीत. गुणिले दहा. एवढे जास्त होतील, पाहुण्यासारखं थोडं कमी चालेल. पण अगदी दोन नोटा दिल्या तर पावती लिहिणारी काय म्हणेल?

ती काहीच म्हणणार नव्हती. मान वर न करता नाव लिहीत होती.

मग पोटात काहीतरी आवळलेलं जाणवलं. बेंबीच्या वर, मूठ मिटावी तसं. कान गरम झाले होते. दहा दिवस पहाटे चारच्या घंटेला उठून श्वास पाहिला, डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहिल्या, गुडघे दुखून रडले, आणि "ह्यातून काय मिळालं?" म्हणून मनात कुरकुरत होते. जे मिळायचं ते त्या रांगेत मिळालं. देण्याच्या वेळी माझं मन कसं वागतं, ते मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. चांगलं नव्हतं ते. म्हणजे वाईटही नव्हतं, बाजारातल्यासारखं होतं.

मी किती दिले ते सोडा. पण त्या टेबलापाशी पोचेपर्यंत आकडा दोनदा बदलला होता.

आमच्यातले काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी डोळे मिटून बसायला सांगितलं नव्हतं, समाजासाठी द्यायला सांगितलं होतं. दुसरं खरंच आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भाषणात त्यांनी प्रत्येकानं आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कामाला द्यावा असं सांगितलं. दर शेकडा पाच. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमितांचं, म्हणजे अंगी बाणवायच्या गुणांचं, पालन आहे, आणि दहांतली पहिली पारमिता दानच. माझा प्रश्न इतकाच की तो विसावा हिस्सा देताना पोटात मूठ मिटते ती कोण बघणार? वर्गणीची पावती फाडताना मी बऱ्याच वेळा चिडलेली असते. पाच टक्के जातात आणि चिडचिड मागे राहते.

हिशेबाची मला लाज नाही, हे मात्र नीट सांगते. आमच्या नाशकातल्या पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मीवर, दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. नहपान या क्षत्रप राजाचा जावई. त्यानं लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, अक्षयनीवी ठेवली, आजच्या भाषेत कायम ठेव. २००० एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, महिना एक टक्क्यानं, १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत काढायचं नाही, फक्त व्याज खर्चायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. करून बघा: दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची नोंद, आणि पैपैशाला जुळते. मी लेण्यात उभी राहून बोटांवर मोजलं होतं, तेव्हा सोबतची भाची म्हणाली, "मावशी, इथे तरी!"

नावं कोरायची हौसही तेव्हापासूनचीच. हाच उषवदात स्वतःला तीन लाख गाई देणारा म्हणवून घेतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाबद्दल वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं 'जंबुद्वीपातलं उत्तम' असं कोरून ठेवलंय. तिथले खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिले, एका अत्तरवाल्यानंही दान केलं, सगळ्यांची नावं आहेत. तेव्हा विहारातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कोणाच्या स्मरणार्थ ते रंगवलेलं दिसलं की मी आता हसत नाही. पंखा सुरू केला की नाव तसंही दिसत नाही.

खरा धडा मात्र फ्रिजपाशी मिळाला.

आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. निघताना मी त्यांना काहीबाही बांधून द्यायची: भाजी, पोळ्या, सणाला लाडू. आपण देतो, याचं छान वाटायचं. शिबिराहून आल्यावर एकदा दुपारी फ्रिज उघडला. एका डब्यात आदल्या रात्रीची मटकीची उसळ होती आणि मागे, बर्फाच्या कप्प्याखाली, तीन दिवसांपूर्वीची दुधी भोपळ्याची भाजी. माझा हात आपोआप मागच्या डब्याकडे गेला. झाकण उघडलं, वास घेतला. चालेल, म्हटलं. कोणाला चालेल? मी खाणार नव्हते. आमच्या ह्यांना वाढली असती तर त्यांनी ताट सरकवलं असतं.

पाली ग्रंथांच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, देणाऱ्यांचे तीन प्रकार सांगितलेत. स्वतः चांगलं खातो आणि दुसऱ्याला हलकं देतो, तो दानदास. स्वतः जे खातो तेच देतो, तो दानसहाय. आपण साध्यावर भागवतो आणि दुसऱ्याला उत्तम देतो, तो दानपती. दानदास म्हणजे वस्तूचा गुलाम. वस्तू त्याच्या हातून सुटतच नाही, कुजली की मग सुटते. हे मी विहारात ऐकलं होतं, वहीत उतरवलंही होतं. उतरवताना डोळ्यांपुढे दुसरीच माणसं होती.

आणि मला आजी आठवली. तिचे वडील घराची पाळी आली की येसकरकीला, म्हणजे गावकीच्या चाकरीला, जायचे. दिवसभर गावाची कामं करायची आणि संध्याकाळी घुंगरांची काठी वाजवत घरोघर भाकरी मागायची. लहानपणी आजी त्यांच्यासोबत जायची. घोंगडीच्या खोळीत वरून भाकरी पडायची. ती सांगायची, अंधारात नुसत्या वासावरून कळायचं, ही आजची, ही कालची, ही परवाची. आजची भाकरी कोणत्या घरातून येते ते दोन घरांचं पाठ होतं तिला, आणि त्या दोन घरांतल्या बायकांची नावं तिला नव्वदीतही आठवत होती. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला शिळे तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं. ते वारं आजीच्या गावात पोचायला आणखी काही वर्षं गेली. पण सुटलं. पुढे स्वतःचं घर झाल्यावर दारात कोणीही आलं तर ती तव्यावरची भाकरी द्यायची, टोपलीतली नाही. बोटं भाजायची त्या माणसाची.

त्या आजीची नात मी, फ्रिजसमोर दुधीचा वास घेत उभी.

भाजी टाकून दिली. अन्न टाकल्याचं वाईट वाटलं, आणि त्यापेक्षा जास्त वाईट, एरवी किती वेळा ती तशीच बांधली असेल त्याचं. मावशींनी कधी एका शब्दानं म्हटलं नाही. वासावरून त्यांनाही कळतच असणार.

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात नंदमाता नावाच्या उपासिकेच्या दानाच्या निमित्तानं एक गाथा येते: "पुब्बेव दाना सुमनो, ददं चित्तं पसादये, दत्वा अत्तमनो होति." देण्याआधी मन प्रसन्न, देताना निर्मळ, दिल्यावर समाधानी. बुद्धांनी राहुलाला, आपल्या मुलाला, हेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. आरसा कशासाठी असतो, असं विचारलं. पाहण्यासाठी, असं तो म्हणाला. तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहा. मी तीनही वेळा पाहायचा प्रयत्न करते. आधी बहुतेक आळस असतो. देताना घाई. आणि दिल्यावर? दिल्यावर मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत असते, आनंद झाला का, किती झाला. हे दिसलं त्या दिवशी मला माझाच राग आला. राग आला हेही दिसलं म्हणा, पण त्यानं काही कमी झालं नाही.

सिग्नलवरच्या मुलांना पैसे द्यावेत का, हेही विचारता तुम्ही. मला ठरवता येत नाही. कधी देते, कधी काच वर करते. काच वर करताना मान मोबाईलमध्ये घालत नाही आता, एवढंच.

पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाचा शब्द मला अलीकडे नवा वाटायला लागलाय. अदिन्नादाना वेरमणी. चोरी करू नये, असं आपण पटकन म्हणून टाकतो. शब्द आहे 'न दिलेलं घेणं'. मग यादी लांबते. मावशींचे रोजचे वीस मिनिटं जास्त, "जाता जाता तेवढं दळण टाकाल का?" म्हणून घेतलेले. ते त्यांनी दिले नव्हते, मी घेतले होते. त्या वीस मिनिटांचे पैसे आता महिन्याच्या हिशेबात धरते. मावशी म्हणाल्या, "कशाला हो ताई?" मी म्हटलं, तुमचे आहेत.

आणि मागच्या पावसाळ्यात एक गंमत झाली. मावशी सकाळी आल्या त्या स्टीलचा डबा घेऊन. आत जवळ्याची चटणी, लसूण ठेचून, तेलावर परतलेली. "तुम्हाला आवडते ना, एकदा म्हणाला होतात." कधी म्हणाले होते, मला आठवेना. मी डबा घेतला आणि लगेच, अगदी त्याच मिनिटाला, नजर ओट्यावर फिरली, बदल्यात काय देऊ म्हणून. रिकामा डबा परत देऊ नये हे आपल्याकडे बाळकडूच. साखर भरू, का परवा आणलेले काजू? पोटात तीच मूठ, बेंबीच्या वर. देताना मिटायची, ती घेतानाही मिटली. म्हणजे मला फुकट काही नकोच होतं कोणाकडून. त्यांच्याकडून तर नाहीच.

काजू भरून दिले. मावशींनी डबा हातात घेतला, वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, लगेच फेडायलाच हवं का?"

पुढच्या खेपेला त्यांनी कुरडया आणल्या. मी दुपारी डबा घासला, पुसला, टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळून चारदा गेले. शेवटी रिकामाच दिला. त्यांनी झाकण उघडून बघितलं, परत लावलं, पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.