सीटीसीतला एनपीएस: एचआरला एकदा विचारा तरी

आमच्या लोटे एमआयडीसीत एप्रिल उजाडला की एचआरचा मेल येतो, इन्कम टॅक्सची ओल्ड रिजीम (जुनी पद्धत) की न्यू, आणि निम्मी जनता न्यूवर टिक मारून मोकळी होते, कारण पावत्या जमवायची कटकट नको आणि तसंही "आता वाचवायला राहिलंय काय". बरंचसं खरंय ते. न्यूमध्ये ८०सी (पीएफ, विम्यासारख्या गुंतवणुकीची वजावट) गेलं, एचआरए (घरभाड्याची सूट) गेला, एलटीए (रजेतल्या प्रवासाची सूट) पण गेला. पण कंपनी तुमच्या नावावर एनपीएसमध्ये (सरकारच्या पेन्शन योजनेत) जे भरते ते न्यू रिजीममध्येही वजा होतं, बेसिक अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १४ टक्क्यांपर्यंत. आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही!

परवा शिफ्ट सुटल्यावर टपरीवर आमच्या लाईनच्या एका पोराला बिलाच्या मागे हिशोब मांडून दाखवला. कंपनीचा पीएफ सोडून पगार वर्षाला साडेतेरा लाख, बेसिक महिना ५० हजार. स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार काढले की १२ लाख ७५ हजार उरतात, त्यावर टॅक्स सेससकट ७४,१००. आता त्याच सीटीसीतले (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातले) महिना ७ हजार कंपनीमार्फत एनपीएसला वळवले तर वर्षाचे ८४ हजार कमी होतात, उत्पन्न १२ लाखाच्या आत येतं, रिबेट (टॅक्समाफी) लागतो आणि टॅक्स शून्य. "खरं काय वो दादा?" म्हणून त्याने बिलच खिशात घातलं.

स्वतःच्या खात्यातून एनपीएस भरलात तर न्यू रिजीममध्ये याचा फायदा नाही, पैसे कंपनीकडूनच जायला हवेत. आणि हो, ते बरीच वर्षं अडकतात, त्यामुळे घराचं छप्पर काढायचंय, पोरीचं ॲडमिशन आहे असं असेल तर आधी ते बघा.

व्हीपीएफही (पीएफमध्ये स्वखुशीने भरलेले जास्तीचे पैसे) चांगला. पीएफचं व्याज २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं, तुमचा स्वतःचा पीएफ आणि व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर त्या व्याजावर टॅक्स नाही, रिजीम कुठलीही असो. फक्त बऱ्याच ठिकाणी तो वर्षाच्या सुरुवातीलाच चालू करता येतो.

मुंबईचा चुलतभाऊ अजून ओल्डमध्येच आहे, घरभाडं भरपूर म्हणून. गणपतीला गावी येतो त्याचं तिकीट एलटीएत लावतो, पण चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनच प्रवास, तेही फक्त प्रवासाचं भाडं, रजा टाकलेली हवी. वाटेतल्या हॉटेलातलं जेवण त्यात बसत नाही, त्याने विचारून बघितलंय.